त्याच नावाचा चौथा

मंगळवार, ४ मार्च

लाडके मुंगे,

सगळ्यांत आधी कोण टपकलं असेल, सांग बघू? पाववाली! तुझ्या कचेरीतली माणसं अजून गल्लीच्या तोंडाशी पत्ता विचारत उभी होती आणि ही बया माझ्या खुर्चीत बसून घाम पुसत होती. म्हणे, "आजी, दोघं जण येतायत, एकाच्या हातात काळी पेटी आहे. पोलीस नसावेत, बूट स्वच्छ आहेत." मी म्हटलं, "पोलीस कशाला येतील? माझे बाबा मोठ्या पुस्तकात चाललेत!" मग काय, ती हलायलाच तयार नाही. शेवटपर्यंत बसली. चहाही तिनेच आधी घेतला.

तर तुझे साहेब आले. त्यांच्या खिशात तीन पेन्सिली, तिन्ही टोकदार. मी त्यांचं नाव पेन्सिलवाले ठेवलंय, तू सांगू नकोस. पेटीवाला म्हणजे फोटोवाला निघाला. माणूस बरा, पण दाराची चौकट दोनदा डोक्याला लावून घेतली. पेन्सिलवाले म्हणाले, "आजी, तुमची नात आमच्या चरित्रकोशात काम करते, म्हणून तिला पाठवलं नाही. घरच्या माणसाची चौकशी घरच्या माणसाने करायची नाही, असा आमचा नियम." मी म्हटलं, चांगला नियम आहे, नाहीतर तिने मलाच ओरडून ओरडून विचारलं असतं.

त्यांनी मला ते पान दाखवलं. वर नाव, ठळक अक्षरांत, आपल्या बाबांचंच! आडनावासकट. खाली त्याच नावाची माणसं एकाखाली एक, नंबर घालून बसवलेली. पहिला सेनापती. तीन लढायांत केसाला धक्का लागला नाही आणि शेवटी खरबूज जास्त खाऊन गेला म्हणे. दुसरा गणिती, शेपटीचा तारा परत कधी येणार ते त्याने आधी सांगितलं होतं. अकरा दिवस चुकला, पण तारा आला. तिसरे ते शस्त्रक्रियावाले डॉक्टर. आणि खाली चार नंबर घातलेला, पुढे कोरं. अगं, ती कोरी जागा बघूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सेनापतीच्या रांगेत माझे बाबा!

मीही काही कमी केलं नाही. बाबांचा सगळ्यांत चांगला फोटो काढून दिला, तो पांढऱ्या कोटातला, दवाखान्यात खाटेजवळ उभे आहेत तो. किती रुबाबदार दिसतात! पेन्सिलवाले कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शिक्षण किती?" मी म्हटलं, "पुष्कळ." त्यांनी लिहून घेतलं. पाववाली म्हणाली, "शोभतं बाई फोटोला."

जाताना दोघं पाया पडले. माझे गुडघे बरे आहेत. डाव्याची कुरकुर चालूच, पण काल मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

तुझी आजी


सोमवार, १० मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचून पोट धरून हसले. पण आजी, घोटाळा झालाय.

शनिवारी साहेबांनी सगळ्यांसमोर तो फोटो टेबलावर ठेवला. पांढरा कोट, मागे रुग्णांच्या खाटा, खाली "शिक्षण पुष्कळ, मुलीच्या सांगण्यावरून". मग मला म्हणाले, "तुझे पणजोबा आणि हे डॉक्टर वेगळे कसे? नाव एक, शहर एक, वर्षं तीच, दवाखाना तोच. घरात कुणीतरी सुतारकामाची गोष्ट रंगवली असेल." आणि त्यांनी तीन नंबरचं आणि चार नंबरचं कार्ड एकत्र करून वर टाचणी मारली. तुला वाटेल, टाचणीचं काय एवढं! पण आमच्याकडे टाचणी म्हणजे निकाल. ती लागली की दोन माणसांचा एक माणूस होतो आणि पुढे शंभर वर्षं तसाच राहतो.

तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. मोठ्या दवाखान्यात काचेच्या कपाटात एक लाकडी पाय ठेवलाय, बिजागरीचा, गुडघ्यात वाकणारा. त्याच्या चिठ्ठीवर फक्त करणाऱ्याचं नाव आहे. त्या काळी गुडघ्यात वाकणारा पाय म्हणजे चमत्कार होता. कोश तो पाय पहिल्यापासून डॉक्टरांच्या नावावर लिहीत आलाय. मी लहान असताना तूच मला सांगायचीस की असा वाकणारा पाय तुझ्या सुतार बाबांनी केला. म्हणूनच तर मी चार नंबर मागितला होता.

पान २४ तारखेला छापायला जातंय. साहेब कडक आहेत पण खोटे नाहीत. त्यांनी एक वाट ठेवलीय. डॉक्टरांचं हस्ताक्षर आमच्याकडे आहे. पणजोबांच्या हातचं काहीही आण म्हणाले. पत्र, सही, मापाची वही, कागदाचा कपटा चालेल. अक्षर वेगळं निघालं तर टाचणी काढतो. आजी, इतके पाय केले त्यांनी, कुठेतरी दोन ओळी लिहिल्या असतीलच ना? ट्रंक उलटीपालटी कर. आणि खरं सांग, तो कोट कसला?

तुझी मुंगी


गुरुवार, १३ मार्च

मुंगे,

कागद सगळे वाळवीने खाल्ले. अक्षर मात्र मोत्यासारखं होतं. कोट त्यांचाच. तुझ्या साहेबांना म्हणावं, म्हातारीवर विश्वास ठेवा. इथे हवा गरम आहे.

आजी


शुक्रवार, १४ मार्च

मुंगे,

कालचं पत्र फाडून टाक. आधी फाड, मग पुढे वाच.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पाववालीने सकाळी विचारलं, "तोंड का उतरलंय?" मी तिच्यावरच खेकसले. पाव न देताच गेली बिचारी. आता तुला सांगते ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

बाबांना लिहिता येत नव्हतं. वाचताही नाही. सहीच्या जागी अंगठा.

आमचं दुकान त्या मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. नाव एकच असल्यामुळे डॉक्टरांची पत्रं आमच्याकडे यायची आणि आमच्या फळ्या त्यांच्या दारात पडायच्या. एकदा शाळेतून माझ्याबरोबर मैत्रीण आली. बाबा उंबऱ्यात उभे राहून डॉक्टरांचं पत्र बघत होते, उलटं धरून. ती खो खो हसली. म्हणाली, "कोण गं हा?" आणि मी म्हटलं, "आमच्याकडे कामाला आहे." बाबांनी ऐकलं. पत्र नीट घडी करून खिशात ठेवलं आणि रंधा हातात घेतला. मी तेव्हा नऊ वर्षांची. आज माझं वय तुला माहीत आहे. अजून ते वाक्य मी विसरलेले नाही. म्हणून साहेबांना "पुष्कळ" म्हटलं. वाटलं, निदान पुस्तकात तरी त्यांना कुणी हसू नये.

कोट डॉक्टरांचा. वॉर्डातली परिचारिका लाकडाच्या भुशाने भरलेल्या माणसाला आत सोडायची नाही, म्हणून डॉक्टरांनी स्वतःचा अंगावर चढवून दिला होता. बाबांचा खरा फोटो वेगळाच आहे. फाटका सदरा, भुवयांतसुद्धा भुसा. तो मी ट्रंकेच्या तळाला घातलाय.

आता बाबा काम कसं करायचे ते ऐक, कारण तेच तुझ्या उपयोगी पडेल असं मला पहाटे सुचलं. त्यांना आकडे येत नव्हते, तर माप ठेवणार कसं? प्रत्येक माणसाची एक काठी. गुडघा कुठे, घोटा कुठे, पोटरी किती जाड, सगळ्याच्या खाचा. आणि काठीच्या टोकाला त्या माणसाची खूण कोरायची. कोळ्याला मासा, कुलूपवाल्याला किल्ली, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याला छत्री, न्हाव्याला कात्री. पाय तयार झाला की तीच खूण पायाच्या आत, जिथे मांडी बसते त्या वाटीत, कातड्याच्या अस्तराखाली कोरायची. पाय दुरुस्तीला आला की अस्तर उचलायचं, खूण बघायची, काठी काढायची. बाहेरून कुणाला काही दिसायचं नाही.

मी एकदा म्हटलं, बाबा, मला लिहिता येतं, मी नावं घालते. तर म्हणाले, "नावाचा काय भरवसा? माझ्याच नावाचा डॉक्टर पलीकडे बसलाय. पाय मात्र ज्याचा त्याचा." मग जमिनीवर भुसा पसरायचे आणि माणसाला त्यावरून चालवायचे. एक पाऊल खोल उमटलं आणि एक उथळ, तर पुन्हा रंधा. डोळे मिटून चाल ऐकायचे. दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला की डोळे उघडायचे, आणि समोरचा माणूस बहुतेक वेळा रडत असायचा.

काठ्या माझ्याकडे आहेत. एकोणचाळीस. मी त्या कधी कुणाला दाखवल्या नाहीत, कारण दाखवल्या असत्या तर का कोरल्या तेही सांगावं लागलं असतं. मुंगे, त्या कपाटातल्या पायाचं अस्तर कुणी उचलून बघितलंय का?

आजी

ता. क. पाववालीची माफी मागितली. पाव मिळाला.


मंगळवार, १८ मार्च

आजी, आजी, आजी,

काल दुपारी तुझं पत्र आलं आणि मी जेवणाचा डबा तसाच टाकून दवाखान्यात पळाले. कपाटाची किल्ली भांडारवाल्याकडे, आणि परवानगी डॉक्टरांच्या नातीची लागते. त्या दातांच्या डॉक्टर आहेत, साठीच्या, आवाज असा की दात आपोआप पडावा. मला वाटलं, त्या कशाला उघडू देतील? त्यांच्याच आजोबांचा मान जायचा. त्यांनी माझं सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "खोटा मान म्हणजे खोटा दात. कधी ना कधी जेवताना हातात येतो. उघडा."

भांडारवाला अस्तराला हात लावायला तयार होईना. बाईंनीच त्यांच्या चिमट्याने अस्तर उचललं. आत अंधार. मी मेणबत्ती धरली.

छत्री आहे, आजी! बोटभर छत्री, दांड्यासकट!

मी तिथे जमिनीवरच बसले. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रडतेस काय, उठ, तुझ्या साहेबांना गाठायचंय." साहेबांनी ऐकून घेतलं. टाचणीला हात लावला नाही. म्हणाले, "खूण कुणीही कोरू शकतं. काठी पायाला बसली तर मी मानेन. माझ्या डोळ्यांदेखत." म्हणून गुरुवारी सकाळी साहेब, बाई आणि भांडारवाला तुझ्याकडे येतायत, पाय घेऊन. मला नियमाप्रमाणे येता येत नाही. हे पत्र आधी पोचेल की तेच आधी, कोण जाणे.

छत्रीची काठी त्या एकोणचाळीसांत आहे ना? आहे ना, आजी?

आणि एक सांगू? साहेबांना मी अजून अंगठ्याचं काही बोललेले नाही. ते तू सांगायचं की नाही, तूच ठरव.

तुझी मुंगी


शुक्रवार, २१ मार्च

माझ्या राणी मुंगे,

बस. पाणी पी. आता वाच.

तुझं पत्र आणि पाहुणे एकाच वेळी दारात! पोस्टमन म्हणाला, "आजी, सही करा," आणि त्याच्या मागे भांडारवाला, काखेत घोंगडीत गुंडाळलेला पाय. बसमध्ये पायाला वेगळी जागा दिली म्हणे. कंडक्टर त्याचंही तिकीट मागत होता. दातवाल्या बाई म्हणाल्या, "अर्धं घ्या, अर्धाच आहे." सगळी बस हसली. मला त्या तिथेच आवडल्या.

पाय मी टेबलावर ठेवायला सांगितला. अगं, मी ओळखला तो! पोटरीवरचा तो गोल घासलेला भाग, तिथे छत्रीवाला बसल्या बसल्या बोटं वाजवायचा. मला एक जुनी छत्री द्यायचा, बाहुलीवर धरायला. मी हात फिरवला, तर लाकूड गार, आणि माझे हात मात्र भाजल्यासारखे झाले.

पेन्सिलवाले म्हणाले, "आजी, काठी?" मी काठ्यांचा भारा सोडला. मासा निघाला, किल्ली निघाली, कात्री, शिट्टी, कासव (हे कुणाचं ते मला आठवेना), घंटा, पाव. पाव बघून, नेहमीप्रमाणे आधीच येऊन बसलेली पाववाली ओरडली, "आमच्या आजोबांचा!" अगं, खरंच तिचे आजोबा, लढाईत पाय गेलेले! ती तिथेच काठी छातीशी धरून बसली. इतकी वर्षं शेजारी राहतो आणि मी काठ्या लपवून ठेवल्या होत्या, बघ.

छत्री काही सापडेना. तीस झाल्या. पस्तीस झाल्या. पेन्सिलवाल्यांनी घड्याळ बघितलं. अडतिसाव्या काठीवर काहीच नव्हतं, टोक उंदराने कुरतडलेलं. आणि एकोणचाळिसावी उचलली, तर छत्री.

पेन्सिलवाल्यांनी ती माझ्या हातातून घेतली. पायाला लावली. गुडघ्याची खाच गुडघ्यावर. घोट्याची घोट्यावर. मग त्यांनी काठी उलटी करून लावून बघितली, चुकते का ते पाहायला. चुकली. पुन्हा सरळ लावली. बसली. नखाएवढाही फरक नाही. मग ते म्हणाले, "पण हे डॉक्टरांनीच कोरलं नसेल कशावरून?"

त्यावर बाई अशा हसल्या की कपबशी वाजली. म्हणाल्या, "साहेब, आमचे आजोबा चमच्यांवरसुद्धा नाव आणि पदवी घालायचे. आमच्या घरी काट्यावर त्यांची सही आहे. तो माणूस पाय करून आत गुपचूप छत्री कोरेल?" मग पायाकडे बघून म्हणाल्या, "एकाच नावाचे दोघं, दोघांच्या हातात करवत. आमचे कापायचे, हे जोडायचे. आमच्या आजोबांना कापण्याचा मान पुरे आहे. हा पाय सुताराला द्या."

पेन्सिलवाल्यांनी काठी खाली ठेवली. मग विचारलं, "पण आजी, त्यांनी अक्षरं का नाही घातली? छत्री, मासा, हे कशासाठी?"

मुंगे, तू म्हणाली होतीस, तूच ठरव. मी खुर्चीवरून उठले. डावा गुडघा करकरला, करकरू दे. म्हटलं, "कारण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी तुम्हाला पुष्कळ म्हटलं ते खोटं. कोट डॉक्टरांचा होता. हा घ्या खरा फोटो." आणि फाटक्या सदऱ्यातला फोटो त्यांच्यापुढे ठेवला. पाववाली म्हणाली, "अय्या, हे जास्त छान दिसतात."

मला वाटलं, आता हसतील. पेन्सिलवाल्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "आजी, मी तेवीस वर्षं एका नावाची माणसं वेगळी करतोय. जन्माच्या तारखा, गावं, पदव्या, सगळं लावतो, तरी चुकतो. आणि या माणसाने अक्षर न शिकता एकाचा पाय कधी दुसऱ्याला जाऊ दिला नाही." मग त्यांनी खिशातून कार्डं काढली, दोन्ही एकाच टाचणीत. टाचणी उपसली आणि स्वतःच्या कोटाच्या कॉलरला खोचली. चार नंबरचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवून लिहायला बसले. एक पेन्सिल मोडली, दुसरी घेतली.

मी म्हटलं, "शिक्षण लिहा." ते म्हणाले, "ती ओळ गाळू का? कार्डावर सक्ती नाही." मी म्हटलं, "गाळायची नाही! लिहा, अक्षरओळख नव्हती. आणि त्याच्याच पुढे लिहा, गुडघ्यात वाकणारा पाय केला. दोन्ही एका ओळीत." त्यांनी एका ओळीत लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी पुन्हा वाचायला लावलं. पाववालीने तिसऱ्यांदा लावलं.

सेनापती, गणिती, डॉक्टर आणि सुतार. अगं, त्या सेनापतीचा पाय गेला असता, तर आला असता की आमच्याच गल्लीत! भुशावरून चालवला असता त्यालाही.

मग चहा झाला. बाईंनी माझे दात बघितले, न विचारता. दोन काढायला हवेत म्हणाल्या, मी म्हटलं, तुमच्या घराण्याचा कापायचा नाद गेला नाही. इतक्या हसल्या की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. भांडारवाला जाताना पाय पुन्हा घोंगडीत गुंडाळत होता, तर बाई म्हणाल्या, "झाकू नका. असाच न्या. लोकांना बघू दे कुणाचा आहे." आणि खरंच, सगळ्या गल्लीतून उघडा नेला. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. पाववाली पुढे चालत सांगत होती, "सुताराचा आहे, आजींच्या बाबांचा!"

मी दारात उभी होते. मुंगे, गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हटलं, "ते माझे बाबा!" कुणी विचारलंही नव्हतं. तरी म्हटलं.

पेन्सिलवाल्यांनी एकोणचाळीस काठ्यांची यादी करायचं ठरवलंय. प्रत्येक खूण कुणाची ते मी सांगायचं आणि त्यांनी लिहायचं, म्हणजे कोशाच्या मागे जोडता येईल. कासवाचं मी आठवून ठेवते. पाववालीच्या आजोबांची काठी मी तिला देऊन टाकली, ती त्या दिवशी घेऊन येईल. आणि पेन्सिलवाले म्हणाले, चौकशी संपली, आता नियम आड येत नाही, म्हणून तुलाही बरोबर आणणार आहेत. सगळे परत येणार आहेत. रविवार, ६ एप्रिल, सकाळी दहा वाजता.

तुझी आजी